डब्लिनचे घर, पुण्याचा फ्लॅट

कॅलिफोर्नियातल्या डब्लिन शहरात ग्लीसन ड्राइव्हवर अलमीडा काउंटीच्या न्यायालयाची इमारत आहे. २०१७ साली ती सुरू झाली. पण डब्लिनमधला घरमालक वारला आणि त्याच्या घराचा वारस न्यायालयातून ठरवायची वेळ आली, तर कुटुंबाला या इमारतीत काही काम नसते. काउंटीचे प्रोबेटचे, म्हणजे मृताची मालमत्ता न्यायालयामार्फत वारसांकडे सोपवण्याचे, काम टेकड्यांपलीकडे, बर्कलीच्या न्यायालयात चालते. अर्ज तिथे, तारखा तिथे. मालमत्तेचे मूल्यांकन, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, धनकोंना दावे मांडायला दिलेली चार महिन्यांची मुदत, हे सगळे त्या अर्जाच्या मागून येते. वर्ष सहज निघून जाते, गुंता असेल तर त्याहून जास्त. आणि त्या फाइलमधला कागद कोणालाही जाऊन वाचता येतो.

डब्लिन हे ५८० आणि ६८० हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे वसलेले गाव. १९८२ साली ते स्वतंत्र शहर झाले, १९९७ साली तिथवर बार्ट रेल्वे आली. २०१०च्या जनगणनेत लोकसंख्या ४६,०३६ होती, २०२०च्या जनगणनेत ७२,५८९. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक वाढ. टासाहारा रोड आणि फॅलन रोडच्या बाजूला पूर्वी जिथे नुसती गवताळ टेकाडे होती, तिथे आता घरांच्या रांगा आहेत आणि त्यांत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मराठी घरेही भरपूर. लिव्हरमोरचे शिव-विष्णू मंदिर जवळ, शाळा चांगल्या, सिलिकॉन व्हॅलीची नोकरी लांब पण आवाक्यातली. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या माणसांत गृहकर्जाचा दर, ग्रीन कार्डाची तारीख, मुलांचे कॉलेज यांवर तासन् तास बोलणे होते. आपण दोघेही नसलो तर काय, हा विषय मात्र निघाला की कोणीतरी म्हणतेच, ‘सणासुदीला काय हे अभद्र!’ आणि ताटात आणखी एक करंजी पडते.

हा विषय सणासुदीलाच काढावा असे मला वाटते, कारण माणसे तेव्हाच एकत्र असतात.

आधी पैशाचा हिशेब, कारण बहुतेकांना त्यानेच जाग येते. कॅलिफोर्नियात प्रोबेटसाठी वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली आहे. मालमत्तेच्या पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या एक लाखावर ३ टक्के, त्यापुढच्या आठ लाखांवर २ टक्के आणि त्याच्या वर एक कोटीपर्यंत १ टक्का. मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीलाही तेवढीच फी घेण्याचा हक्क असतो. डब्लिनमध्ये १५ लाख डॉलरचे घर ही नवलाची गोष्ट नाही. त्यावर वकिलाचे २८,००० डॉलर आणि व्यवस्थापकाचे २८,०००, म्हणजे ५६,००० डॉलर. यात कळीची गोष्ट अशी की ही टक्केवारी घराच्या पूर्ण किमतीवर लागते, कर्ज वजा करून नव्हे. घरावर ११ लाखांचे कर्ज बाकी असले, म्हणजे कुटुंबाचे खरे चारच लाख त्यात गुंतलेले असले, तरी फी १५ लाखांवरच. १ एप्रिल २०२५ पासून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या राहत्या घरासाठी कायद्याने एक सोपी वाट काढून दिली आहे, पण त्या किमतीत डब्लिनमध्ये एखादा लहान काँडो बसेल, अंगणाचे घर नाही.

नुसते मृत्युपत्र करून हे टळत नाही. मृत्युपत्र म्हणजे न्यायालयाला उद्देशून लिहिलेली इच्छा. ती अमलात आणायची तर एवढ्या मालमत्तेसाठी न्यायालयाचे दार वाजवावेच लागते. लिव्हिंग ट्रस्टची मांडणी वेगळी असते. नवरा-बायको हयातीतच एक ट्रस्ट स्थापन करतात. करणारे तेच, त्याचे ट्रस्टी तेच, हयातभर लाभार्थीही तेच. घर विकता येते, ट्रस्ट बदलता येतो, मोडताही येतो. प्राप्तिकराचे विवरणपत्र पूर्वीसारखेच भरायचे. फरक एवढाच की घराचा मालक आता ट्रस्ट असतो, आणि ट्रस्टला मरण नसते. दोघे गेले की आधी नेमून ठेवलेला पुढचा ट्रस्टी कारभार हाती घेतो. साधारणपणे त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी लागत नाही.

अमेरिकेत ही कल्पना सामान्य घरांत पोहोचवली ती कनेक्टिकटच्या नॉर्मन डेसी या वकील नसलेल्या माणसाने. प्रोबेट कसे टाळावे हे सांगणारे त्याचे १९६५ सालचे पुस्तक, फाडून भरता येतील अशा नमुन्यांसकट, दहा लाखांवर खपले. न्यूयॉर्कच्या वकिलांच्या संघटनेने त्याला कोर्टात खेचले. १९६७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल डेसीच्या बाजूने दिला. कॅलिफोर्नियात घरांच्या किमती आणि वर सांगितलेली फी, दोन्ही जास्त, त्यामुळे ट्रस्ट इथे घराघरांत रुजला.

ट्रस्ट काय करत नाही हेही इथेच सांगून टाकते, कारण हॉटेलात जेवण देऊन चर्चासत्रे भरवणारे विक्रेते ते सांगत नाहीत. असा बदलता येणारा ट्रस्ट आयकर वाचवत नाही. तुमच्या धनकोंपासून तुमचे रक्षण करत नाही. आणि नवरा-बायकोपैकी एकच गेला आणि घर दोघांच्या नावावर, मागे राहणाऱ्याला आपोआप मिळेल अशा हक्कासह असले, तर बहुधा ट्रस्टशिवायही ते दुसऱ्याच्या नावे होते. प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्याच्या मृत्यूनंतर, किंवा दोघे एकाच गाडीत असताना.

या दुसऱ्या शक्यतेपाशी थांबायला हवे. समजा, एक जोडपे आहे. तो कोथरूडचा, ती नाशिकची. मुले नऊ आणि पाच वर्षांची, दोन्ही जन्माने अमेरिकन. पुण्यात एखाद्या घरावर असा घाला पडला तर काका, मावशी, शेजारच्या काकू, कोणीतरी अर्ध्या तासात दारात असते, आणि कायद्याचा कागद नंतर येतो. वारसा आणि पालकत्व यांचे बहुतेक कायदे असे कोणीतरी जवळ आहे असे धरूनच लिहिलेले असतात. डब्लिनमध्ये जवळ कोणी नाही. मुलांना रात्री सांभाळायला आलेली कॉलेजवयीन मुलगी आहे, आणि दारात पोलीस. त्या पोलिसाला कोणाला फोन करायचा हे सांगणारा कागद नसेल, तर मुले काही काळ तरी काउंटीच्या बालकल्याण खात्याच्या हाती जाऊ शकतात.

‘आजी-आजोबा आहेत ना’, हे उत्तर पटकन येते. आजी-आजोबा बी-२ व्हिसावर येतात. विमानतळावर बहुधा सहा महिन्यांची मुदत मिळते. अमेरिकन नागरिक असलेले मूल वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकते, पण आजी-आजोबांसाठी कधीच नाही. कायद्यात तसा वर्गच नाही. काका आणि मावशीसाठीही नाही. म्हणजे पालक म्हणून पुण्यातल्या आजीचे नाव लिहायचे तर मुले पुण्याला जाणार हे गृहीत धरून लिहायचे. ते चुकीचे मुळीच नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी कदाचित तेच सगळ्यात बरे. पण मुलगी पंधराची झाली, बास्केटबॉलच्या संघात आली, मराठी समजते पण वाचता येत नाही, अशा वेळी तेच उत्तर कायम राहील का, याचा विचार आईवडिलांनी करायचा. तो न्यायाधीशावर सोडायचा नाही. आईवडिलांनी लेखी नेमलेल्या पालकाच्या नावाला इथले न्यायालय मोठे वजन देते. नाव नसेल तर दोन्हीकडच्या नातेवाइकांपैकी जो अर्ज करेल त्याच्यातून निवड करते. मग कोथरूड आणि नाशिक एका परक्या न्यायालयात समोरासमोर उभे राहतात. दोन्ही आज्या नातवंडांवर जीव टाकणाऱ्या, आणि वाद त्यांच्यात.

ट्रस्टचा कागद पैशाचा कागद म्हणून विकला जातो, परदेशातल्या कुटुंबासाठी तो आधी माणसांचा कागद आहे. इथल्या वकिलाने दिलेल्या जाड फाइलीत ट्रस्ट असतो, त्यासोबत उरलेसुरले सगळे ट्रस्टमध्ये ओतणारे मृत्युपत्र असते आणि त्यातच मुलांच्या पालकाचे नाव असते, आर्थिक व्यवहाराचे मुखत्यारपत्र असते, वैद्यकीय निर्णयांचा कागद असतो. या प्रत्येक कागदात एक रिकामी ओळ असते, तिथे नाव लिहायचे असते. जोडपी वर्षभर अडकतात ती त्या ओळीपाशी. ‘तुझा भाऊ हिशेबाला चोख आहे, पण मुलांना त्याच्याकडे कसं ठेवायचं?’ ‘माझी मैत्रीण मुलांना आईसारखी आहे, पण ती अजून एच-१बी वर आहे.’ अशा वेळी दोन कामे दोघांना द्यावीत. मुले जिच्याकडे राहायची ती एक व्यक्ती, पैसे ज्याच्या हाती राहायचे ती दुसरी. कायदा ते मोकळेपणाने करू देतो आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे असते. ट्रस्टी जवळ राहणारा असावा लागत नाही. पालक मात्र हाकेच्या अंतरावरचा असला तर मुलांची शाळा सुटत नाही. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांसाठी गल्लीतल्या शेजारणीचे नाव आणि पुढच्या आयुष्यासाठी बहिणीचे, अशी दोन टप्प्यांची योजना केलेली बरी.

ट्रस्ट नसेल तर मुलांच्या पैशाचे काय होते? अज्ञान मुलाच्या नावावर मोठी रक्कम आली की न्यायालय तिच्यावर पालक नेमते आणि हिशेब तपासते. ही देखरेख अठराव्या वाढदिवशी संपते. घर विकून आलेले, विम्याचे, सगळे पैसे त्या दिवशी त्या मुलाच्या हातात. अठराव्या वर्षी, आईवडील नसलेल्या मुलाच्या. ट्रस्टमध्ये लिहिता येते की शिक्षणाला लागेल तेवढे ट्रस्टीने द्यावे, पंचविसाव्या वर्षी एक हिस्सा, तिसाव्या वर्षी बाकीचा. ही एकच तरतूद मला सगळ्या फीच्या बचतीपेक्षा मोलाची वाटते.

आणि मग फाइल घरी येते, कपाटात जाते, आणि काम झाले असे वाटते. इथेच सर्वाधिक घरे चुकतात. ट्रस्ट म्हणजे रिकामे भांडे. घराचा दस्त ट्रस्टच्या नावे नव्याने करायचा असतो, नोटरीसमोर सही करून तो काउंटीच्या नोंदणी कार्यालयात, ओकलंडला, नोंदवायचा असतो. त्यासोबत मालकीबदलाचा एक फॉर्म जातो. हस्तांतरण कर लागत नाही, मालमत्ता कराचे फेरमूल्यांकन होत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेला एवढ्यावरून सगळे कर्ज मागण्याचा अधिकार नाही. १९८२ सालच्या गार्न-सेंट जर्मेन या संघीय कायद्याने राहत्या घराला ते संरक्षण दिले आहे. भीती बाळगण्यासारखे काहीच नाही, फक्त करायचे राहते.

किंवा केलेले उलटते. २०२० आणि २०२१ साली तीस वर्षांच्या कर्जाचा दर तीन टक्क्यांखाली गेला आणि बे एरियातल्या घरमालकांनी कर्जे बदलून घेतली. कर्ज बदलताना बँक पुष्कळदा सांगते की घर आधी ट्रस्टमधून काढून स्वतःच्या नावावर आणा. लोक आणतात. कर्ज झाल्यावर ते परत ट्रस्टमध्ये घालायचे असते, आणि त्याची आठवण कोणी करून देत नाही. ज्यांनी त्या दोन वर्षांत कर्ज बदलले त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आपला शेवटचा नोंदलेला दस्त काढून पाहावा. त्यावर तुमचे नाव ट्रस्टी म्हणून आहे की नुसते नाव आहे, एवढेच पाहायचे.

दस्त राहूनच गेला असेल तर एक आधार आहे. १९९३ साली हेगस्टॅड या माणसाच्या मालमत्तेच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने म्हटले की ट्रस्ट करणारा स्वतःच ट्रस्टी असेल आणि त्याने ट्रस्टच्या यादीत घर लेखी नमूद केले असेल, तर वेगळा दस्त नसला तरी घर ट्रस्टचे मानता येईल. तेव्हापासून वकील अशा अर्जाला त्याच नावाने ओळखतात. पण तोही न्यायालयातला अर्जच. जे टाळायला ट्रस्ट केला तिथेच, थोड्या कमी वेळासाठी, जाणे आले.

निवृत्तीच्या ४०१-के खात्याचे, आयआरएचे आणि आयुर्विम्याचे पैसे ट्रस्टने नव्हे, तर त्या-त्या खात्यावर लिहिलेल्या लाभार्थ्याच्या नावाने जातात. लग्नाआधीच्या पहिल्या नोकरीत विमा घेताना बाबांचे नाव लिहिलेले असते. बाबा पुण्यात, कदाचित आता हयातही नसतील, नाव तसेच. ४०१-के मध्ये संघीय कायदा पत्नीचा किंवा पतीचा हक्क राखून ठेवतो. विम्यात तसे नाही, तिथे कागद बोलतो. आणि लाभार्थी म्हणून थेट अज्ञान मुलाचे नाव लिहिले असेल तर विमा कंपनी त्या मुलाला पैसे देऊ शकत नाही. पुन्हा न्यायालय.

डब्लिन परिसरात घर घेणाऱ्या भारतीयाला आज जे सहज वाटते ते या राज्यात शंभर वर्षांपूर्वी बेकायदा होते, हे विसरू नये. १९१३ साली कॅलिफोर्नियाने परकीयांच्या जमीनमालकीविरुद्ध कायदा केला: ज्यांना अमेरिकेचे नागरिक होता येत नाही त्यांना जमीन विकत घेता येणार नाही. १९२० साली तो आणखी आवळला. भारतीय त्या व्याख्येत येतात की नाही हा प्रश्न काही वर्षे लोंबकळत होता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाकारला आणि तो प्रश्न संपला. सॅक्रामेंटोचे खोरे आणि दक्षिणेतली इंपीरियल व्हॅली इथे पंजाबी शेतकऱ्यांनी कसलेली जमीन त्यांना स्वतःच्या नावावर ठेवता येईना. मग ती कुणाच्या नावे? इथे जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या मुलांच्या. ओळखीच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या, वकिलाच्या, बँकरच्या. कागदावर मालक एक, घाम दुसऱ्याचा, आणि मध्ये फक्त शब्द. काहींनी शब्द पाळला, काहींनी मोडला, आणि मोडला तर दाद मागायची सोय नव्हती, कारण मूळ व्यवस्थाच कायद्याला चुकवणारी होती. मुलाच्या नावावर जमीन घेतली तर परकीय बाप त्या मुलाचा पालकही होऊ शकणार नाही, असेही राज्याने ठरवून पाहिले. १९२२ साली यानो नावाच्या एका जपानी कुटुंबाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेवढे तरी रोखले. १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले. जमिनीचा कायदा १९५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. त्या पिढीने ज्यावर विसंबून दिवस काढले तो विश्वास आज नोटरीच्या शिक्क्यासह, न्यायालयात अंमल करून घेता येईल असा, लिहून ठेवता येतो. तो न लिहिता ठेवणे मला त्या शेतकऱ्यांची आठवण असताना जड जाते.

नागरिकत्व आणि मालमत्ता यांची गाठ मात्र पूर्ण सुटलेली नाही. २०२६ पासून अमेरिकन नागरिकाच्या किंवा इथे कायम वास्तव्य असलेल्या माणसाच्या दीड कोटी डॉलरपर्यंतच्या मालमत्तेवर संघीय वारसा कर नाही. डब्लिनमधली बहुतेक घरे त्या रेषेच्या खूप खाली आहेत, त्यामुळे लोक हा विषय सोडून देतात. पण जो नागरिक नाही आणि ज्याचे कायम वास्तव्यही इथे मानले जात नाही, त्याला सूट फक्त ६०,००० डॉलरची. व्हिसा कोणता यापेक्षा इथेच राहण्याचा इरादा होता का, हे पाहिले जाते. आता ग्रीन कार्डाच्या रांगेला कंटाळून पुण्याला कायमचे परतलेले कुटुंब डोळ्यांपुढे आणा. डब्लिनचे घर भाड्याने दिले आहे, कंपनीचे शेअर तसेच ठेवले आहेत. समजा त्यातली १५ लाख डॉलरची अमेरिकी मालमत्ता एकट्या नवऱ्याच्या हिश्शाची आहे, कर्ज फिटले आहे, आणि तो गेला. पत्नीही अमेरिकन नागरिक नसेल तर पती-पत्नीमधली करमाफी सरळ मिळत नाही. इतर वजावटी नसतील तर कर होतो ५,३२,८०० डॉलर. भारत आणि अमेरिका यांच्यात वारसा कराचा करार नाही, आणि भारताने आपला संपदा शुल्काचा कायदा १९८५ सालीच उचलला, त्यामुळे तिकडे काही वळते करून घ्यायलाही जागा नाही. लिव्हिंग ट्रस्टने हा कर चुकत नाही. परतण्याआधी वकिलाकडे जाण्याने चुकू शकतो. पत्नी नागरिक नसेल तर त्यासाठी वेगळ्या प्रकारचा ट्रस्ट आहे, तोही तिथेच विचारावा.

आणि पुण्याचा फ्लॅट? तो या ट्रस्टमध्ये घालायचा मोह पुष्कळांना होतो, सगळे एका फाइलीत येईल म्हणून. तसे करू नये. भारतातली स्थावर मालमत्ता भारताच्या कायद्याने जाते. परदेशी ट्रस्टच्या नावे ती करायला परकीय चलनाचा कायदा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सगळेच आड येते. तिच्यासाठी वेगळे भारतीय मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. एकच धोका सांभाळायचा. अमेरिकन मृत्युपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात छापील वाक्य असते, की मी याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द करत आहे. पुण्यात वर्षभर आधी, वडिलांच्या वकिलाने नीट करून दिलेले मृत्युपत्र त्या एका वाक्याने जाऊ शकते. दोन्ही वकिलांना एकमेकांचा कागद दाखवावा आणि प्रत्येकात लिहावे की हा कागद फक्त या देशातल्या मालमत्तेपुरता आहे.

‘सोसायटीत नॉमिनी लावलाय’ हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर २०१३च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नामनिर्देशित व्यक्ती होत्या, त्याच मालक की सगळे वारस मालक, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल आला: नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, वारसाहक्काचा कायदाच लागू राहतो. साळगावकरांनी मृत्युपत्र केलेले होते, तरी दहा वर्षे गेली. सोसायटीतही तसेच आहे, नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा राखणदार. भावाला दिलेल्या कुलमुखत्यारपत्राचीही तीच गत: ते देणारा माणूस गेला की त्याच क्षणी ते संपते. त्यानंतर त्यावर सही करणारा भाऊ, कितीही सद्भावाने असो, अडचणीत येतो.

मृत्युपत्र नसेल तर काय होते ते पाहिले की दोन देशांतले अंतर कळते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची मालमत्ता त्याची आई, पत्नी आणि मुले यांच्यात सारख्या हिश्शांनी वाटली जाते. नवरा गेल्यावर पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याच्या आईचा एक हिस्सा, पत्नीचा एक, दोन मुलांचे दोन. अज्ञान मुलांचा हिस्सा विकायला तिथल्या न्यायालयाची परवानगी. गावाकडची शेती असेल तर आणखी एक गोष्ट: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. म्हणून वडिलांनी हयातीत नावावर करून देण्याऐवजी मृत्युपत्राने द्यावी. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला मग वेळ लागला तरी चालतो.

आजारपणाचा कागद लोक शेवटी वाचतात, खरे तर तो आधी लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर डॉक्टरांनी कोणाशी बोलायचे, कृत्रिम श्वासावर किती काळ ठेवायचे, हे कॅलिफोर्नियाच्या साध्या फॉर्मवर दोन साक्षीदारांसमोर लिहिता येते. वकीलही लागत नाही. आणि हा कागद मुलांचाही करायचा. ऑगस्टमध्ये सॅन डिएगोला किंवा पर्ड्यूला शिकायला गेलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र माणूस. तो अपघातात सापडला आणि बेशुद्ध असला, तर फोनवर ‘आम्ही आईवडील आहोत’ एवढे सांगून दवाखाना सगळी माहिती देईलच असे नाही.

कॅलिफोर्नियाचा कायदा आईकडे कसा पाहतो, हे शेवटी सांगायला हवे, कारण आपल्या घरांत ते कोणाच्या लक्षात येत नाही. पत्नी आणि मुले असली तर मृत्युपत्राविना गेलेल्या मुलाच्या इथल्या मालमत्तेत आईला काहीही मिळत नाही. पुण्यात ती सारख्या हिश्शाची वारस, डब्लिनमध्ये कोणीच नाही. आणि डब्लिनमधल्या किती घरांतून दरमहा पैसे जातात! औषधांचे, रात्रीच्या आयाचे, सोसायटीच्या देखभालीचे. मुलगा गेला की ते त्या महिन्यापासून थांबू शकतात. सून सांभाळेल, सांभाळतेच. पण सूनही त्याच गाडीत असली तर? ट्रस्टी कायद्याने लाभार्थ्यांना बांधील असतो. मुलांसाठी ठेवलेल्या पैशातून आजीला पाठवण्याचा त्याला अधिकार नाही, त्याला कितीही वाटले तरी.

हा अधिकार दोन-चार ओळींत देता येतो. दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे लाभार्थी म्हणून लिहायची, दरमहा किती, आजारपणात किती, कुठवर, ते लिहायचे. पुण्यातल्या एका माणसाचे नाव द्यायचे, जो आजीची खरी गरज ट्रस्टीला कळवेल. पैसे आजीच्या खात्यात पाठवायचे की थेट रुग्णसेवा देणाऱ्या संस्थेला, तेही. मग त्या माणसाला फोन करायचा, ट्रस्टीचा नंबर त्याला द्यायचा, आणि ट्रस्टीला त्याचा.